बहात्तर किलोची वैनी

चांदूर रेल्वेत जानराव ढोल्यांच्या नजरेला काट्याचा मान होता. संत्र्याच्या बागेतून एक चक्कर मारली की ते कूत सांगून मोकळे होत, म्हणजे झाडांवर माल किती आहे त्याचा अंदाज. आणि माल उतरल्यावर व्यापारी मुकाट्यानं मान डोलवत. कापसाचं गाठोडं असो, तुरीचं पोतं असो नाहीतर बाजारातलं बोकड असो, जानरावांनी डोळे बारीक करून आकडा टाकला की टाकला. काट्यानं वेगळं काही दाखवलं, तर लोक आधी काट्याखाली खडा आला का ते वाकून बघत. एवढं बरोबर असणं माणसाला काही चांगलं नाही. चुकायची सवयच मोडते.

या जानरावांनी साठी उलटल्यावर एक गाडी घेतली. तशा गाड्या घरात होत्याच. ट्रॅक्टर होता, जीप होती, एक जुनी फटफटी होती. पण एवढ्या सगळ्या वाहनांत मिळून त्यांची बायको मैनाबाई त्यांच्या शेजारी म्हणून कधी बसल्या नव्हत्या. लग्न होऊन आल्या त्या बैलांच्या रेंगीत, नणंदांच्या घोळक्यात. फटफटीवर दोघांच्या मध्ये दुधाचा कॅन. जीप आली, तर पुढची जागा कायम कोण्या मामाची नाहीतर कोण्या सरपंचाची, आणि मैनाबाई मागे संत्र्यांच्या क्रेटांत. मग मुलगी प्रणाली लग्न होऊन पुण्याला गेली, घरात दोघंच उरली, आणि जानरावांच्या मनानं एक गोष्ट धरली. ज्यात दोनच माणसं मावतील अशी गाडी पाहिजे. रस्त्यात कोणी हात दाखवला, तर ‘जागा नाही’ हे खोटं न बोलता सांगता आलं पाहिजे.

अशी गाडी त्यांना नागपुरात सापडली. डोळे तपासायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, ‘नजर एकदम उत्तम,’ आणि त्या आनंदात बाहेर पडताना बंगल्याच्या पोर्चमध्ये ती उभी दिसली. डॉक्टरांच्या मुलाची स्पोर्ट्स कार. बुटकी, उघडी, अंग फायबरचं, चौघांनी उचलून बाजूला ठेवावी इतकी हलकी, जागा दोनच, आणि रंग पिकल्या संत्र्याचा. मुलगा परदेशी गेला होता. रंग पाहून जानरावांना हा वरूनच आलेला इशारा वाटला, आणि आठवड्याभरात गाडी चांदूरला आली.

एकच गोष्ट त्यांच्या उत्तम नजरेतून निसटली. त्या मुलाला शर्यतींचा नाद होता. गाडीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप त्यानं शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यासाठी आवळून दगड करून ठेवले होते. चांदूर ते अमरावती हा रस्ता गुळगुळीत आहे असा आरोप आजवर कोणी केलेला नाही.

पहिल्याच फेरीत मैनाबाईंनी गाव सुटेपर्यंत दम धरला. मग त्यांनी दोन्ही हातांनी दार पकडलं आणि विचारलं, “आवो, ही गाडी हाये का सूप? मले काहून पाखडून राहिले?”

“सवय होईन,” जानराव म्हणाले.

“कोनाले? हाडायले?”

पुढच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, पदर सावरत उतरल्या, आणि समोरून येणाऱ्या चांदूरच्या एसटीला हात केला. एसटी थांबली. जानराव गाडी वळवून एसटीच्या मागं मागं, धूळ खात, घरापर्यंत आले. एसटीच्या मागच्या सीटवरची शाळेची पोरं त्यांना सगळा रस्ता टाटा करत होती.

घरी आल्यावर मैनाबाईंनी निकाल सांगितला. दर वर्षी ईद झाली की पुढच्या रविवारी अकोल्याला इनायतुल्ला मिस्त्रींच्या घरी या दोघांचं जेवण असे. मैनाबाई घरच्या म्हशीच्या दुधाचं दही स्टीलच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, लावून न्यायच्या. हलीमाबी, म्हणजे मिस्त्रींची बायको, तोच गंज शीरखुर्म्यानं भरून परत द्यायची. भांडं रिकामं धाडायचं नाही, हे दोन्ही घरांत सारखंच होतं.

“त्या दिवशी येक डाव अजून बसतो,” मैनाबाई म्हणाल्या. “दह्याचा गंज माह्या मांडीवर राहीन. दही मोडलं, त गाडी इका. अन् मंग मले कोनत्याच गाडीत ‘चाल’ म्हनू नका. माही एसटी बरी.”

मैनाबाईंचं दही कसं, तर सुरीनं वडी पाडावी असं. ते मोडलं की त्याला भेग जाते, भेगेत पाणी सुटतं, आणि मग लपवायला जागा राहत नाही. गाडी गेली तर गेली, जानरावांना तिचं दुःख एवढं नव्हतं. पण मैनाबाई एकदा बोलल्या की बोलल्या. मग शेजारची ती जागा या जन्मात रिकामीच राहणार होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते गाडी घेऊन अकोल्याला निघाले.

इनायतुल्ला मिस्त्री म्हणजे अकोल्यातले नावाजलेले कमानवाले. ट्रकच्या चाकावर पोलादी पट्ट्यांची कमान असते ती बसवायचं काम त्यांच्या घरात वडिलांपासून चालत आलेलं. जठारपेठेच्या मागच्या एका बोळात पुढं कारखाना आणि मागं घर. जानरावांच्या ट्रॉलीची कमान तरुणपणी एकदा भर बाजारात तुटली, तेव्हापासूनची ही दोस्ती. मिस्त्रींनी गाडीभोवती चक्कर मारली, मागचा कोपरा दोन बोटांनी दाबून पाहिला आणि बोटं झटकली.

“अबे जानराव, ही गाडी हाये का पतंग?”

“पतंग म्हन, काही म्हन. तुह्या वैनीले झटका बसला नाई पाहिजे.”

“आयक मंग. स्प्रिंग वजन उचलते. पन उचललं की तिले नाचाची सवय असते. तिले गप बसवाचं काम शॉकअपचं. दोघं वजनाच्या हिशेबानं पाहिजे. ट्रकमंधी वीस किलो इकडचे तिकडे झाले त समजतबी नाई. ह्या पतंगात तू खिशात मोसंबी ठेवली तरी हिले समजन. म्हनून आंदी मले चाराई चाकावरचं वजन पाहिजे. दोघं बसल्यावरचं.”

मिस्त्रींनी बाजारातल्या एका अडत्याकडून चार सपाट काटे उसने आणले, ज्यांच्यावर धान्याची पोती मोजतात ते. चार चाकांखाली चार काटे घातले. जानराव स्टेअरिंगमागं बसले. आकडे लागले. मिस्त्री डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, “आता वैनी.”

“वैनी येत नाई. रविवारच्या आंदी ते ह्या गाडीले हातबी लावत नाई.”

“मंग फोन करून वजन इचार.”

विहिरीत उडी मारायला सांगितल्यासारखे जानराव त्यांच्याकडे बघत राहिले. “बायकोले वजन इचारू? तुनं इचारलं का कधी हलीमाभाभीले?”

मिस्त्रींनी घराच्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “नाई.”

“मंग? अन् इचाराचं कामच काय? जलमभर पाहून राहिलो.” जानरावांनी डोळे बारीक केले. डोळ्यांसमोर मैनाबाई आणल्या: संक्रांतीला हळदीकुंकवाला उभ्या राहिलेल्या, जरीच्या लुगड्यातल्या, दार भरून. “बहात्तर. पाव किलो इकडं ना पाव किलो तिकडं.”

जानरावांनी आकडा टाकल्यावर पुढं बोलायचं नसतं, हे मिस्त्रींनाही माहीत होतं. कोपऱ्यात तुरीचं मोठं पोतं होतं, त्यात आणखी तूर ओतून काट्यावर बरोबर बहात्तर केलं. दोघांनी ते धापा टाकत डाव्या सीटवर बसवलं आणि वर पट्टा लावला. घरातलं कोणी डाळ करायला त्यातली तूर काढू नये म्हणून मिस्त्रींनी खडूनं पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘वैनी’.

हलीमाबी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. “ये कौन बैठी है?”

“मैना भाभी,” मिस्त्री म्हणाले.

तिनं पोत्याकडे पाहिलं, मग जानरावांकडे पाहिलं. “इत्ती?”

“भाभी, माह्या नजरेवर शक?”

“शक नहीं भाईसाब, लेकिन पिछली बार भाभी को जब मैंने...”

“तू चाय रख,” मिस्त्री म्हणाले. “देखती नहीं, काम चालू है?”

ती चहा ठेवून गेली. जाता जाता तिनं पोत्याकडे पुन्हा एकदा वळून पाहिलं, पण त्या वेळी दोन्ही पुरुष जमिनीवर पालथे पडून गाडीखाली बघत होते.

मग जे सुरू झालं त्याला कारखान्यातले लोक ‘वैनीचं काम’ म्हणू लागले. मिस्त्रींनी शर्यतीच्या स्प्रिंगा काढून खुंटीला टांगल्या. भंगारच्या ढिगातून छोट्या गाड्यांच्या नरम स्प्रिंगा निवडल्या. उजव्या बाजूला जानरावांच्या वजनाला बेताच्या, डाव्या बाजूला बहात्तर किलोला पेलतील अशा जाड तारेच्या. स्प्रिंगेखालची आट्यांची रिंग पान्यानं फिरवून कोपरा वर करायचा, काटा बघायचा, पुन्हा खाली करायचा. मग शॉकअपची घुंडी. ती एकेक टिचकी देत फिरते. जास्त फिरवली की चाक मुकं होतं, कमी फिरवली की पोरासारखं उड्या मारतं. मिस्त्री कान लावून टिचक्या ऐकत आणि जानराव पोत्याच्या शेजारी बसून सूचना करत. एकदा तर बोळात गाडी फिरवून बघताना वळणावर त्यांनी पोत्याला हात आडवा लावून सांभाळलं, ते दारातून पाहून मिस्त्रींनी तोंड फिरवून घेतलं.

शेवटी पोत्याच्या तोंडावर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला आणि गाडी रेल्वेच्या गेटापर्यंत नेऊन परत आणली. बोळातले तिन्ही ब्रेकर, चेंबरची झाकणं, नळवाल्यांनी खणलेली चारी, सगळं झालं. चहाचा थेंब सांडला नाही. मिस्त्रींनी तोच ग्लास उचलून पिऊन टाकला.

“जा,” ते म्हणाले. “वैनीले म्हन, झोपून या.”

‘वैनी’ला सीटवरून उतरवून कोपऱ्यात भिंतीशी टेकवून ठेवलं.

रविवारी सकाळी मैनाबाई गाडीत बसल्या. मांडीवर गंज, गंजावर ताट, ताटावर हात. जानरावांनी गाडी इतक्या अलगद काढली की शेजारच्या बुधाजींना वाटलं, ढकलूनच नेतात की काय. पहिल्या खड्ड्यात उजवी बाजू होडीसारखी वरखाली झाली आणि शांत झाली. जानरावांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“कसं?”

“तुमाले बरं हाये,” मैनाबाई म्हणाल्या. “मी इकडं उडून राहिलो.”

“काई उडून नाई राहिली. मले त काईच लागलं नाई.”

“तुमाले कसं लागन? बसलो मी हाये इथं!”

दुसरा खड्डा आला, तिसरा आला. उजवीकडे पलंग आणि डावीकडे खाट, अशी ती गाडी चालली होती. डावं चाक प्रत्येक दगडावरून टुणकन उडायचं आणि मैनाबाई गंजासकट चार बोटं वर जाऊन खाली यायच्या. जानरावांना मात्र बुडाखाली लोणी होतं, त्यामुळं त्यांना हे सगळं बायकोचं नाटक वाटत होतं. संसारात निम्मी भांडणं अशीच होतात. बडनेऱ्याजवळ मैनाबाईंनी ताट बाजूला केलं, आत पाहिलं आणि गंज त्यांच्यापुढं धरला. दह्याला या काठापासून त्या काठापर्यंत भेग गेली होती.

“थांबवा.”

“आवं पन मैना, पोत्यासंग त येकदम...”

“कोनतं पोतं?”

जानरावांनी जीभ चावली. मैनाबाई उतरल्या, गंज आपल्या जागेवर ठेवला, त्याला पट्टा लावला आणि म्हणाल्या, “दही तुमीच न्या. जे मोडाचं होतं ते मोडलं. गाडीचं गिऱ्हाईक पाहा.” आणि त्या अकोल्याच्या एसटीकडे चालू लागल्या.

या वेळी जानराव एसटीच्या मागं गेले नाहीत, पुढं गेले. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांना रागासारखं वाटत होतं. शेजारच्या जागेवर गंज टणाटण उडत होता. अकोला येईपर्यंत दह्याचं ताक झालं, लोणी निघायचं तेवढं बाकी राहिलं.

“मिस्त्री!” कारखान्याच्या दारातूनच त्यांनी आवाज दिला. “तुही कमान खोटी!”

इनायतुल्ला ईदचा नवा कुडता घालून पाहुण्यांची वाट बघत होते. त्यांनी गंजात डोकावून पाहिलं. मग डावा कोपरा हातानं दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

“माही कमान बराबर हाये. काट्यावर बसवेल हाये. तुही बाजू कशी चालली?”

“माही बाजू मखमल!”

“तुही बाजू मी काट्यानं लावली. वैनीची बाजू तुनं नजरेनं लावली.” मिस्त्री हळूच म्हणाले. “जानराव, तुही कूत त खोटी नाई ना?”

जानरावांना आजवर कोणी असं बोललं नव्हतं. त्यांच्या कानशिलांवर लाली चढली. “माही कूत? अबे, चाळीस एकराची बाग मी उभ्यानं मोजतो! माह्याच घरातलं मानूस मले समजत नाई? बहात्तर म्हनजे बहात्तर! लिहून घे! बहात्तर!”

“काय बहात्तर?”

मैनाबाई दारात उभ्या होत्या. एसटी स्टँडवरून ऑटोनं आल्या होत्या आणि हलीमाबी त्यांचा हात धरून त्यांना आत आणत होती. जानराव छताकडे बघू लागले, मिस्त्री पान्यांकडे. मैनाबाईंची नजर कारखान्यातून फिरत फिरत कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली. त्यांनी खडूची अक्षरं वाचली. पुन्हा वाचली.

“हे मी?”

शेवटी हलीमाबीच म्हणाली, “भाभी, इन लोगों ने गाडी में तुम्हारी जगह इसको बिठाया था. भाईसाब ने वजन बताया, नजर से. मैं बोलने गई तो मुझे चाय रखने को बोले.”

मैनाबाई पोत्यापाशी गेल्या. त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. पोतं त्यांच्या दीडपट रुंद होतं. हसतील की भडकतील ते कोणालाच कळेना. त्यांनी चपला काढल्या, जवळच्या काट्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि काट्यावर चढल्या.

काट्यानं दाखवलं: एक्कावन्न.

“काटा बिघडला,” जानराव म्हणाले. सवयीनं वाकून ते काट्याखाली खडा शोधू लागले. खडा नव्हता. मिस्त्री स्वतः चढून उतरले. त्यांचं वजन नेहमीचंच भरलं. मग दोघांनी पोतं ओढून आणून काट्यावर ठेवलं. पोतं बरोबर बहात्तर.

“शुगर निघाली तवापासून उतरून राहिलं,” मैनाबाई चपला घालत म्हणाल्या. त्यांचा आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “डाक्टर म्हने, चांगलं हाये. गोड बंद, सकाळी फिरनं. तुमाले काय सांगाचं? मले वाटलं, तुमाले दिसतच असन.”

“मले...”

“दुपारी मी शिलाई मशीन काहून चालवतो, असं वाटलं तुमाले? समदे ब्लाउज आत घेतले. दोन डाव घेतले.”

जानरावांना ते मशीन आठवलं. पंख्याखाली दुपारी आडवं पडल्यावर मागच्या खोलीतून येणारा तो खडखड आवाज. तो ऐकत ऐकत त्यांना छान झोप लागायची. शुगरची गोळी ते स्वतःच महिन्याच्या महिन्याला आणून देत होते. बागेतल्या एखाद्या झाडाचं फळ बारीक झालं तर त्यांना बांधावरून दिसायचं. आणि हे त्यांना दिसलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली थोडी भीतीही वाटली.

ते पोत्याकडे वळले. पोत्याची सुतळी सोडली, भिंतीवरची पायली घेतली आणि तूर बाहेर काढू लागले. मिस्त्री मदतीला वाकले, तर त्यांना हातानं बाजूला केलं. एक पायली काढायची, काट्याकडे बघायचं. पुन्हा एक. काट्याचा आकडा खाली येत होता आणि शेजारी ताडपत्रीवर तुरीचा ढीग वाढत होता. एक्कावन्न झालं तेव्हा ते थांबले. पोतं सैल पडून एका अंगावर कललं होतं. जानराव पोत्याकडे बघत नव्हते, ढिगाकडे बघत होते. एवढी मैना आपल्या समोरून गेली, ताटाला ताट लावून जेवताना गेली, आणि आपण संत्री मोजत राहिलो.

“येकदोन किलो राहू द्या,” मैनाबाई मागून म्हणाल्या. “अजून जेवाची हाओ मी.”

हलीमाबी पहिल्यांदा हसली, मग मिस्त्री, मग मैनाबाई स्वतः. जानराव हसले, पण त्यांना उपरण्यानं डोळे पुसावे लागले. त्यांनी एक ओंजळ परत पोत्यात टाकली.

“येक डाव,” ते म्हणाले. “जाताना येकच डाव. मंग मीच गिऱ्हाईक आनतो.”

मैनाबाईंनी तुरीच्या ढिगाकडे पाहिलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “बरं. पन गंज भरून राहीन. दह्याले जे लागू होतं, ते शीरखुर्म्याले लागू.”

“वैनी, मंग बसा ना गाडीत, तुमच्यावरच लावतो,” मिस्त्री म्हणाले.

“म्या काय दिसभर तुमच्या गाडीत बसून राहू? माही बदली बसवा ना. ते बसते गप.” आणि दोघी आत निघून गेल्या.

जेवणं झाली. मैनाबाईंना हलीमाबीनं बिनसाखरेची खीर वेगळी ठेवली होती. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. मग नव्या कुडत्यावर जुना सदरा चढवून मिस्त्री गाडीखाली गेले. डावीकडच्या जाड स्प्रिंगा निघाल्या, बारीक तारेच्या आल्या. रिंगा खाली उतरल्या, घुंड्या उलट्या फिरल्या. एक्कावन्न किलोची वैनी सीटवर पट्टा लावून बसली होती, आणि जानराव शेजारी बसून या वेळी एकही सूचना करत नव्हते. मिस्त्री म्हणतील तेवढं आणि काटा सांगेल तेवढं.

“पाह्य,” मिस्त्री पाना पुसत म्हणाले, “चाक बराबर केलं. रस्ता माह्या हातात नाई.”

उन्हं उतरताना ते निघाले. मैनाबाईंच्या मांडीवर गंज होता, शीरखुर्म्यानं भरलेला, आणि त्यांनी मुद्दामच वर ताट झाकलं नव्हतं. अकोला सुटलं. पहिला खड्डा आला. गाडी दोन्ही अंगांनी सारखी दबली आणि सारखी वर आली. मैनाबाईंचा दारावरचा हात सुटला. मूर्तिजापूर गेलं. वारा लागत होता, दोन्हीकडं कापसाची काळी शेतं पसरली होती, आणि ट्रकमधून लोक वाकून या संत्र्याच्या रंगाच्या गाडीत बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडं बघत होते. एका पोरानं हात दाखवला. जानरावांनी दोन बोटं वर करून जागा नाही असं खुणावलं. इतकं खरं बोलून त्यांना फार बरं वाटलं.

“समोर पाहा,” मैनाबाई म्हणाल्या. “माह्याकडं काय पाहून राहिले घडीघडी?”

“कूत करून राहिलो.”

“मंग? किती?”

जानरावांनी डोळे बारीक केले. मग मान हलवली. “नाई सांगता येत. रोज पाहा लागन.”

मैनाबाईंनी तोंड शेताकडे फिरवलं. त्यांच्या बांगड्या मनगटावरून किती खाली येतात, ते जानरावांना आता दिसलं.

बडनेरा आलं. सकाळी जिथं एसटी धरली ती जागा आली, आणि तिच्या अलीकडं नेमका एक ब्रेकर होता, रंग उडालेला, गाईएवढा उंच. जानरावांचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. ब्रेक दाबेपर्यंत पुढची चाकं वर चढली होती. स्प्रिंगांनी जमेल तेवढं केलं, शॉकअपनी जमेल तेवढं केलं, पण गंजातला शीरखुर्मा एका काठाकडं झेपावला आणि चांगला घोटभर मैनाबाईंच्या लुगड्यावर सांडला.

जानरावांनी ते पाहिलं. या वेळी त्यांना अगदी स्पष्ट दिसलं: पांढरा डाग, त्यात एक खारीक, दोन शेवया. त्यांनी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि निकालाची वाट बघत राहिले.

मैनाबाईंनी पदर ओढून डागावर घातला. खारीक उचलून त्यांच्या तोंडापुढं धरली.

“काई सांडलं नाई,” त्या म्हणाल्या. “चालवा.”